विरघळलेलं परततं

पेल्यातलं पाणी निवळलं की जाड्या मिठाचा एक खडा दोऱ्याला बांधून त्यात अर्ध्यावर सोडावा. ढवळू नये. पेला उजेडासमोर धरला तर खड्यापासून नितळ रेघा सुटून तळाकडे उतरताना दिसतात. खारं पाणी साध्या पाण्याहून जड, म्हणून ते खाली ओघळतं. हळूहळू खड्याच्या कडा झिजतात, आणि मग नुसती गाठ उरते.

मीठ संपलं, असं मला म्हणवत नाही. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋणभार असतो, हायड्रोजनच्या बाजूला किंचित धनभार. मिठातल्या सोडियमच्या धन आयनाभोवती, म्हणजे भारित कणाभोवती, हे रेणू ऑक्सिजनची बाजू करून जमतात, क्लोराइडच्या ऋण आयनाभोवती हायड्रोजनची. असा एकेक आयन वेढून पाणी त्याला स्फटिकातून सोडवून नेतं. साखरेचा रेणू मात्र फुटत नाही, अख्खाच पाण्यात शिरतो.

मीठ पाण्यात असं भारित कणांत फुटतं, या विचाराचं बीज स्वांते अऱ्हेनियसच्या 1884 सालच्या प्रबंधात होतं. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात त्याला खालची श्रेणी मिळाली. पुढे तोच विचार रुजला आणि 1903 साली अऱ्हेनियसला नोबेल पारितोषिक मिळालं.

पाण्याच्या या आपलेपणालाही मर्यादा आहे. 25 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ मावतं, उकळत्या पाण्यातही 39च्या आसपासच. साखर तेवढ्याच पाण्यात सुमारे 200 ग्रॅम विरघळते, आणि उकळीला त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून दाट पाक सावकाश निवत ठेवला की त्यात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर धरते.

मिठाला नुसतं निवणं पुरत नाही. त्याच्यासाठी पाण्यालाच जावं लागतं. समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. कोकणातल्या मिठागरांत भरतीचं पाणी आत घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवतात. ऊन-वारा पाणी उडवत राहतो, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ पिकतं. ते ओढून काठावर राशी लावणाऱ्यांचे पाय दिवसभर खाऱ्या पाण्यात असतात.

साखर गारव्याने परतते, मीठ उन्हाने. जे विरघळलं ते गेलं, असं मानून बसण्याआधी त्याची परतायची वाट कोणती, हे शोधावं, असं मला मनापासून वाटतं.