गळालेली टिंबं

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. १९८६ साली त्यांनी कालव्याच्या डिझाइनसाठी फोरट्रानमध्ये लिहिलेला प्रोग्राम आमच्या माळ्यावर कागदाच्या घडीत पडून होता. दोन्ही कडांना भोकं असलेला, हिरव्या पट्ट्यांचा सलग कागद, एकतीस पानं. फ्लॉपी केव्हाच बाद झाली होती. हा प्रोग्राम अण्णांसमोर पुन्हा चालवायचाच, असं मी मनावर घेतलं. टाइप करायला बसले आणि चौथ्या पानावर कळलं, मधल्या दोन ओळी गाळल्या आहेत.

मग स्कॅनर काढला. अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट घेतलं. त्याचा इंग्रजी शब्दकोश आधी बंद केला, नाहीतर व्हेरिएबलची नावंसुद्धा ते सुधारायला बघतं. शून्याचा ओ झाला, एकाचा आय झाला; त्यातलं बहुतेक कंपायलरनेच पकडून दिलं. खरा जीव खाल्ला मोकळ्या जागांनी. जुन्या फोरट्रानमध्ये पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकाचे, सहावा मागची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेचा, आणि विधान सुरू होतं सातव्यापासून. सुरुवातीची मोकळी जागा गेली की सगळंच गेलं. शेवटी अक्षर कागदाच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते मोजून रकाना ठरवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

प्रोग्राम चालला. पाण्याचा वेग आला सेकंदाला ०.८७८ मीटर. अण्णांनी लिस्टिंगच्या शेवटी एका चाचणीचं उत्तर छापून ठेवलं होतं: ०.९९२.

दोन दिवस शोधत होते. कागदावर घातांक होता (२./३.), माझ्या फाइलमध्ये (२/३). स्कॅनवरचे डाग काढायला मी फिल्टर लावला होता, त्याने दशांशाची टिंबंही डाग समजून पुसली. फोरट्रानमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच येतं. म्हणजे घातांक शून्य, आणि कालव्यातल्या पाण्याचा वेग काढणाऱ्या मॅनिंगच्या सूत्रातून जलीय त्रिज्या हिशेबाबाहेर. कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता.

१९९७ साली पीजीपी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती अमेरिकेबाहेर गेली ती अशीच कागदावरून. तसं सॉफ्टवेअर निर्यात करायला बंदी होती, पुस्तकाला नव्हती. सहा हजारांहून जास्त पानं युरोपात स्कॅन झाली; पण छापतानाच ओळीओळीला पडताळणीचा आकडा दिलेला होता. आमच्याकडे होतं ते शेवटच्या पानावरचं एकच उत्तर.

फिल्टर काढून पुन्हा स्कॅन केलं, तरी रिबन फिकट झाली होती तिथली टिंबं उमटेनात. अण्णांनी कागद पालथा घातला आणि बोट फिरवलं. शाई नसली तरी प्रिंटरच्या पिनने कागद मागून उचलला होता. मी टॉर्च तिरपा धरून बसले. "दोनच्या पुढे आहे. तीनच्या पुढेही आहे. घाल." संध्याकाळपर्यंत सतरा टिंबं सापडली.

रात्री जेवणाआधी प्रोग्राम चालवला. ०.९९२. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "आता उतार बदलून बघ."