हिमालय पाहून आलेली मोटारसायकल

दिल्लीत करोल बाग म्हटले की बायकांना लग्नाची खरेदी आठवते, सराफांना सोन्याची दुकाने आणि शाळकरी मुलांना गफ्फार मार्केटमधले मोबाइल. पण मेट्रोच्या स्टेशनातून उतरून, झंडेवालानच्या १०८ फुटी हनुमानाकडे पाठ करून नाईवाला आणि हरध्यानसिंग रोडच्या बाजूला वळले की कपडा आणि सोने मागे पडते. मग नाकाला जाणवतो तो ग्रीसचा वास. दोन्ही फुटपाथांवर मोटारसायकली खांद्याला खांदा लावून उभ्या. बुलेट, हिमालयन, डॉमिनार, कुठे एखादी पिवळी करिझ्मा. मागे बोळाएवढी दुकाने, छतापर्यंत टांगलेली हँडले, सायलेन्सर, सामान बांधायचे लोखंडी पिंजरे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी करोल बागेच्या व्यापाराला आजचे रूप दिले. देशाच्या उत्तर टोकाला मोटारसायकलवरून निघणाऱ्यांपैकी बरेच जण याच गल्ल्यांतून सामान घेऊन बाहेर पडतात. काही जण गाडीच इथून घेतात.

या बाजाराचा हंगाम हिमालयातल्या बर्फाशी बांधलेला आहे. मनाली-लेह रस्ता साधारण मे-जूनमध्ये उघडतो आणि थंडी पडू लागली की बंद होतो. उन्हाळ्याच्या तोंडाला इथे गाड्या भाड्याने जातात, विकल्या जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच गाड्या धूळ खाऊन परत येतात, धुतल्या जातात, पॉलिश होतात आणि 'सिंगल ओनर, कम चली हुई' म्हणून पुन्हा फुटपाथवर उभ्या राहतात. भाडे परवडत असताना विकत का घ्यायची, असे कुणी विचारील. त्याचे एक कारण लडाखात आहे. बाहेरून भाड्याने आणलेली मोटारसायकल पँगाँग किंवा नुब्रा पाहायला नेऊ दिली जात नाही. तिथल्या गाड्या भाड्याने देणाऱ्यांच्या संघटनेचा तो दंडक आहे. स्वतःच्या नावावरची गाडी मात्र चालते. म्हणून अनेक तरुण पैसे साठवून वापरलेली का होईना, पण आपली गाडी घेतात.

असाच एक तरुण आणि त्याचे वडील यांच्याबरोबर मी ऑक्टोबरातला एक शनिवार या गल्ल्यांत घालवला. वडील मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, धंदा करायला खानापूर-आटपाडीकडची माणसे देशभर पांगली आहेत. त्यांतलेच हे एक घर, तीस वर्षे करोल बागेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. मुलाचा जन्म दिल्लीचाच. त्याच्या मराठीत निम्मी हिंदी. त्याने दोन वर्षांच्या पगारातून सव्वा लाख जमवले होते आणि पुढच्या जूनमध्ये त्याला लेहला जायचे होते. आबांना ते मुळीच पसंत नव्हते. पण पोराने जायचे ठरवलेच आहे, तर निदान गाडी तरी नीट पाहून घ्यावी म्हणून ते सोबत आले होते.

त्यांची काळजी समजण्यासारखी होती. मनाली ते लेह हे अंतर २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून ४२८ किलोमीटर झाले आहे. त्यात ४,८०० मीटरच्या वरची बारालाचा ला ही खिंड लागते, गाटा लूप्सची एकवीस वळणे लागतात आणि शेवटी ५,३२८ मीटरवरची तांगलांग ला. टंडीच्या पेट्रोल पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी कितीतरी वर्षे प्रवाशांच्या फोटोंत झळकत आली आहे. सरचू किंवा पांगच्या आसपास संध्याकाळी चेन तुटली, तर मेकॅनिक नाही, वाहने तुरळक, आणि अंधार पडताच पारा शून्याकडे. शहरात ज्या बिघाडाने ऑफिसला उशीर होतो, तोच बिघाड तिथे जिवावर बेतू शकतो.

मुलाची नजर डॉमिनारवर होती. बजाजची ३७३ सीसीची ही गाडी २०१६ च्या डिसेंबरात बाजारात आली. हमरस्त्यावर वेगाने पण आरामात लांब पल्ला गाठावा, अशा बेताने ती बांधलेली आहे. ती तयार होते आपल्या पुण्याजवळच्या चाकणला. विकली जाते देशभर, आणि घासली जाते ती हिमालयात.

पहिल्याच दुकानात मुलाचे मन बसले. २०१९ चे मॉडेल, काळी कुळकुळीत, आरशासारखी चकचकीत. मीटरवर ११ हजार किलोमीटर. मागणी एक लाख पंचवीस हजार. चार दुकाने सोडून तशीच दुसरी उभी होती, त्याच साली निघालेली. टाकीवर ओरखडा, सीटचा कोपरा शिवलेला, मीटरवर ३८ हजार. मागणी एक लाख पाच हजार. ती मुलाने वळूनही पाहिली नाही. अकरा आणि अडतीस या आकड्यांत निवड करायला कुणाची मदत कशाला हवी?

आबांनी मात्र ओळखीच्या एका उस्तादांना बोलावले होते. साठीचे सरदारजी, बोटांच्या रेषांत तेल मुरलेले, कमीत कमी शब्दांत काम करणारे. त्यांनी आधी इंजिनाला हात लावला. ते गरम होते. म्हणजे आम्ही यायच्या आधीच दुकानदाराने ते चालू करून ठेवले होते. उस्तादांनी चहा मागवला आणि म्हणाले, "ठंडा होने दो." गाडीचा खरा आवाज थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होते तेव्हाच ऐकू येतो. सुरू व्हायला किती वेळ घेते, टायमिंग चेन खडखडते का, धूर कोणत्या रंगाचा येतो, हे सगळे त्या पहिल्या मिनिटात कळते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ दिसणारच, पण इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर कूलंट आत शिरत असल्याची शंका घ्यावी. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. गरम इंजिन यातले बरेच लपवते.

चहा होईपर्यंत उस्ताद गाडीभोवती उकिडवे बसून फिरले. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीचे दोन्ही टायर २०२३ चे निघाले. चेन आणि तिची दोन्ही चक्रेही नवी. पण पुढच्या ब्रेकच्या डिस्कवरून नख फिरवले, तर काठाला चांगलीच धार लागत होती. मधला पत्रा झिजला होता, काठ उरला होता. डिस्कवर कंपनीने कमीत कमी जाडी कोरलेली असते, तिच्या जवळपास ही आली होती. पाय ठेवायचे रबर गुळगुळीत झालेले. ११ हजारांत दोन्ही टायर, चेन आणि डिस्क एवढे सगळे कसे संपेल? मीटर डिजिटल असला तरी त्यातला आकडा बदलणारे लोक आहेत. पायाखालचे रबर आणि डिस्क बदलायचे मात्र कुणाला सुचत नाही.

आबा इतका वेळ गप्प उभे होते. आता ते मुलाला म्हणाले, "आरं, खरसुंडीच्या बाजारात खोंड घेताना शिंगाला लावल्यालं तेल बघत न्हाईत. दात बघायचं, खूर बघायचं, चार पावलं चालवून बघायचं." आटपाडी तालुक्यातले खरसुंडी खिलार जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेले. उस्तादांना हे हिंदीत सांगितले, तेव्हा सकाळपासून ते प्रथमच हसले.

दुसऱ्या गाडीचे इंजिन थंडगार होते. मालकाने दुकानात विकायला ठेवलेली, रोज हात न लागलेली. बटण दाबताच सुरू झाली. उस्तादांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवले आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तसे. मग ऑइल पाहिले. काळे ऑइल म्हणजे दोष नव्हे, ते काळे होतेच. दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी मिसळते आहे, आणि बोटांवर चमचमणारी कचकच आली तर आतले लोखंड झिजते आहे. इथे दोन्ही नव्हते. गाडी रेडिएटरवाली असल्यामुळे पंखा सुरू होईपर्यंत ती तशीच चालू ठेवली. पंखा वेळेवर फिरला. गर्दीत अडकल्यावर आणि घाट चढताना गाडी तापायची की नाही, ते याच्यावर ठरते.

मग दोघांनी मिळून पुढचे चाक अधांतरी उचलले आणि उस्तादांनी हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेले. मध्यावर ते किंचित अडकले. खड्ड्यांच्या रस्त्यावर मानेच्या बेअरिंगला असे खळगे पडतात. फोर्कच्या नळीवर तेलाची बारीक कडी दिसली, म्हणजे सील गळत होते. एअर फिल्टर काढला तर पिठासारखी धूळ. "लद्दाख होके आयी है," उस्ताद म्हणाले. मुलाचा चेहरा उतरला. पण उस्तादांच्या मते ही सगळी झीज पैसे टाकून भरून निघणारी होती. सांगाडा वाकला असेल, तर तो भरून निघत नाही. म्हणून त्यांनी सर्वांत जास्त वेळ हँडलखाली घालवला. हँडल पूर्ण वळले की ते जिथे टेकते, ती सांगाड्यावरची लहानशी खुंटी जोराच्या अपघातात चेपते. ती शाबूत होती. सांगाड्यावर नवा रंग नव्हता, पुन्हा केलेले वेल्डिंग नव्हते. चासी नंबर घासलेला नव्हता. हा ओरखडा उभ्या उभ्या पडल्याचा, मोठ्या अपघाताचा नव्हे, असा निर्वाळा त्यांनी दिला.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांचीही दिल्लीत धास्ती असते. १३ जुलै २०२३ रोजी यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि सखल भागांतली वाहने पाण्याखाली गेली. अशी गाडी वरून लखलखीत करता येते. सीट काढून वायरींच्या जोडांवर हिरवट थर आहे का, हेडलाइटच्या आत वाळलेल्या चिखलाची रेघ आहे का, हे पाहावे. कोकण किनाऱ्यावरची गाडी घेताना नटबोल्ट आणि सायलेन्सरचा खालचा भाग असाच न्याहाळावा, खारी हवा तिथूनच सुरुवात करते.

माझ्या मते सगळ्यांत बोलकी वस्तू नंतर निघाली. या गाडीबरोबर एक प्लॅस्टिकची फाइल होती. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिले, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर. ऑइल कधी बदलले, कूलंट कधी, ब्रेक पॅड कधी. वर्षाला सात-साडेसात हजार किलोमीटर, त्यात दोन उन्हाळ्यांत मोठी उडी. मीटरवरचा आकडा या बिलांशी जुळत होता. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येही अशा नोंदी राहतात, त्या मागून घ्याव्यात. जुन्या विम्याची कागदपत्रेही वाचावीत. एखाद्या वर्षी नो क्लेम बोनस एकदम शून्यावर आला असेल, तर त्याआधी काय घडले, हा प्रश्न विचारायचा असतो. पहिल्या दुकानात फाइल मागितली, तेव्हा "घर पे होगी" असे उत्तर मिळाले होते. तीन मालकांपैकी कुणाच्या घरी, ते नाही.

कमी चाललेली गाडी चांगली, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. पण वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो, रबराची सील वाळतात, टायरला भेगा पडतात. नेमाने चाललेली आणि वेळेवर तेलपाणी झालेली ३८ हजारांची गाडी अशा गाडीपेक्षा मला तरी जास्त भरवशाची वाटते.

शेवटी फेरी. उस्ताद स्वतः पूसा रोडवर चक्कर मारून आले. वरच्या गिअरमध्ये मूठ पिळली की इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच गेलेला. ब्रेक दाबताना लिव्हर बोटांत थरथरली, तर डिस्क वाकडी. दोन्ही ठीक. मग मुलगा गेला. तो परत आला तेव्हा चकचकीत गाडीचे नाव त्याने काढले नाही.

भाव ९८ हजारांवर तुटला. उरलेल्या पैशांतले पंधरा हजार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायला उस्तादांनी बजावले. कागदांचे काम आबांनी अंगावर घेतले. हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५, थकलेली ई-चलने. गाडी महाराष्ट्रात न्यायची असती, तर फॉर्म २८ वर ना-हरकत दाखलाही लागला असता. दिल्ली परिसरात १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीच्या नियमांत गेल्या काही वर्षांत वारंवार फेरफार झाले आहेत, तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्याने त्या दिवशीचा नियम पाहूनच पैसे द्यावेत. या गाडीला अजून अवकाश होता.

टाकी १३ लिटरची. लिटरला तीस किलोमीटर धरले तरी ३९० किलोमीटर, म्हणजे टंडीच्या पाटीपुढे जेमतेम पंचवीस शिल्लक. पाच लिटरचा डबा बरोबर ठेवायचा, हे बापलेकांनी तिथेच फुटपाथवर ठरवले. जूनच्या आधी एकदा लॅन्सडाउनला जाऊन यायचे, घाटात गाडी कशी वागते ते पाहायचे, हेही ठरले. मागच्या सीटवर कोण बसणार, यावर आबा काही बोलले नाहीत. पण हेल्मेटच्या दुकानात त्यांनी स्वतःच्या डोक्याचे माप दिले.

गाडी उस्तादांच्या गॅरेजात गेली. मानेचे बेअरिंग, फोर्कचे सील, एअर फिल्टर, ऑइल आणि कूलंट बदलायचे आहे. सोमवारी करोल बाग बंद असते, मंगळवारी संध्याकाळी गाडी मिळेल.