कळंबचा पिनकोड

कळंबच्या पत्त्याखालीं ४१३५०७ हा आंकडा मी कैक वर्षें लिहीत आलों. पण त्याला कशानें भाग जातो कीं काय, हा विचार गेल्या पावसाळ्यापर्यंत माझ्या मनांत आला नव्हता.

नातीचा मूळसंख्यांचा धडा चालू होता. एक आणि स्वतः यांखेरीज जिला कोणीच निःशेष भागीत नाहीं ती मूळसंख्या, एवढें मीं सांगितलें. तिनें पाकिटावर बोट ठेवून विचारलें, "आजोबा, ही आहे का हो मूळसंख्या?" मीं तीनानें, सातानें, तेरानें भागून पाहिलें, शंभराच्या आंतल्या पंचवीसही मूळसंख्या संपविल्या आणि "आहे" म्हणून मोकळा झालों. वडील माणसाच्या "आहे"ला आमच्या घरांत सहसा कोणी हरकत घेत नाहीं.

"पण बाईंनी वर्गमुळापर्यंत पाहायला सांगितलंय!"

खरेंच होतें. भाजक जोडीनें येतात, आणि जोडींतला एक तरी वर्गमुळाहून मोठा नसतो. ६४३ चा वर्ग ४१३४४९. तेव्हां ६४३ पर्यंतच्या ११७ मूळसंख्या पाहावयास हव्या होत्या. ती वही घेऊन ओसरीवर बसली. सत्त्याहत्तराव्या मूळसंख्येशीं भागाकार निःशेष झाला. ३८९ गुणिले १०६३. तिनें कांहीं बोलून दाखविलें नाहीं. पाकिटाच्या पाठीवर लिहून तें माझ्या चष्म्याखालीं ठेवलें.

"नाहीं" म्हणणाराला एक गुणाकार पुढें केला कीं पुरतें. "आहे" म्हणणारानें मात्र सारीं दारें ठोठावून आलेलें असावें लागतें. मग दोनाच्या १२७ व्या घातांतून एक वजा करून येणारी ३९ अंकी संख्या मूळ आहे, असें एद्वार ल्युका या फ्रेंच गणित्यानें १८७६ सालीं कशाच्या बळावर सांगितलें? १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळसंख्या कोणास ठाऊक नव्हती. भागाकारानें तिचा निकाल लावूं म्हटलें तर जन्म पुरे पडले नसते. त्यानें निराळीच कसोटी योजिली. पुढें लेमरनें ती सुटसुटीत केली. चारापासून निघावें, वर्ग करून दोन वजा करावे, मूळ संख्येनें भागून बाकी तेवढी ठेवावी, आणि पुन्हां तेंच. दोनाचा सातवा घात उणे एक, म्हणजे १२७ घेतल्यास ४, १४, ६७, ४२, १११ आणि सहाव्या पदाला शून्य! शून्य आलें कीं संख्या मूळ. २०२४ च्या ऑक्टोबरांत ल्यूक ड्युरांट या अमेरिकन गृहस्थास सांपडलेली ४,१०,२४,३२० अंकांची संख्याही याच कसोटीस उतरली.

ही युक्ति दोनाच्या घातांतून एक वजा केलेल्या संख्यांपुरतीच. आमच्या पिनकोडाला ती चालत नाहीं, हें ऐकून नात जरा हिरमुसली. तरी १२७ चें गणित तिनें करून आणलें आणि वही तपासावयास माझ्यापुढें ठेवली. १११ चा वर्ग उणे दोन, १२३१९. त्याला १२७ नें भागून ९७. या खेपेस मीं शेवटची ओळ देखील स्वतः भागून पाहिली.