करवतीचा ताण

अप्पांनी पट्टीला बोटानं टिचकी मारली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "झालं. चालू कर."

मुलानं बटण दाबलं. सागाचा ठोकळा अर्ध्यावर आला आणि पट्टी आत बाकली. फळी हातात घेतली तर वर एक इंच, मध्ये पाऊण. त्या आठवड्यात वाया गेलेली ही तिसरी फळी. सागाचा भाव पाहता मुलाचा चेहरा उतरला यात नवल नव्हतं.

जबलपूरमध्ये मराठी घरं पुष्कळ. 1956 पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच प्रांतात होतं. त्यातून 1904 साली इथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, पुढे आणखी कारखाने आले आणि हातात कसब असणाऱ्याला काम मिळत गेलं. अप्पांचाही जन्म लाकूडकामातच गेला. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये जुनं बँडसॉ मशीन बसवलं. शहरात त्याला आरा मशीनच म्हणतात. वर एक चाक, खाली एक चाक आणि त्यांच्यावरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी.

कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पण पट्टीचा सांधाच टिकत नसे. तो टिकाऊ जोडण्याची युक्ती काढली आन पोलीन क्रेपँ या फ्रेंच बाईनं. 1846 साली तिनं त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सुतारकामाच्या गप्पांत हे नाव कधी निघत नाही, ही गोष्ट वेगळी.

अप्पा ताण नेहमी आवाजावरूनच ठरवत. मशीन बंद, प्लग काढलेला, मग टिचकी. सैल पट्टी भद्द वाजते, ताणलेली स्वच्छ. मुलगा अनेकदा म्हणाला, "अप्पा, एखादी खूण करून ठेवा ना!"

"खुणेवर काम करायचं, तर कान कशाला दिलेत देवानं?"

खरी अडचण तीच होती. वयानं त्यांचा कान गेला होता. टीव्हीचा आवाज रोज वाढत होता, ते घरातल्या सगळ्यांना कळत होतं. बोलायचं कुणी नाही. मशीनच्या बाजूला ताणाची पट्टीवजा मोजणी होती, पण तीही फसवी. तिचा काटा स्प्रिंग किती दबली एवढंच सांगतो. वर्षानुवर्षं दबून स्प्रिंग दमली की काटा त्याच आकड्यावर, जोर मात्र कमी.

मार्ग सुनेनं काढला. ती शाळेत विज्ञान शिकवते. "अप्पा, पट्टी ताणली की ती लांबते. किती लांबते ते मोजू या का?"

"पोलाद लांबतंय? रबर आहे का ते?" अप्पा हसले.

ओळखीच्या वर्कशॉपमधून लांब व्हर्नियर आणला. सैल पट्टीवर अर्ध्या मीटरचं अंतर धरून तो दोन क्लॅम्पनी बसवला. सुनेचा हिशेब असा : अशा पट्टीला दर चौरस मिलिमीटरमागे साधारण दहा किलो ओढ हवी, तेवढ्यानं अर्धा मीटर पोलाद पाव मिलिमीटर लांबतं. अप्पांनी कानानं लावलेला ताण मोजला तेव्हा लांबी त्याच्या निम्मीही भरली नाही.

अप्पा काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी आकडा पुन्हा वाचला आणि घरात निघून गेले. त्या रात्री ते जेवायला उशिरा आले.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंग काढायला मात्र तेच पुढे होते. स्प्रिंग मऊ हवी की कडक, यावर बापलेकांचा वाद झाला. कडक असली तर पट्टी हलणार नाही, असं मुलाचं म्हणणं. अप्पांना जुनं आठवलं : वखारीतल्या मोठ्या आरा मशीनवर पुष्कळदा स्प्रिंगच नसते, तरफेला लोखंडी वजनं टांगलेली असतात. लाकूड चिरताना पट्टी तापते. साडेचार मीटरची पट्टी वीस अंशांनी तापली तर एक मिलिमीटरहून थोडी अधिक वाढते. नुसत्या घट्ट स्क्रूवर तेवढ्यानं जवळजवळ निम्मा ताण गळून जातो. वजन मात्र खाली सरकत तेवढंच ओढत राहतं. म्हणजे स्प्रिंगही अशी हवी, की मिलिमीटरभर सुटली तरी जोर फारसा ढळू नये. लांब, भरपूर वेटोळ्यांची.

"हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत," मुलगा म्हणाला.

"तू विचारलंस कधी? खूण मागत होतास."

नवी स्प्रिंग आली. स्क्रूचे आटे रॉकेलनं धुतले, ग्रीस भरलं. चाक फिरवायच्या जागी एक बेअरिंग घातलं, त्यामुळे ज्याला दोन्ही हातांनी झोंबावं लागे ते एका हातानं फिरू लागलं. मग व्हर्नियर लावून पाव मिलिमीटर साधला आणि काटा जिथे थांबला तिथे सुनेनं लाल रंगाची रेघ ओढली. रुंद पट्टीसाठी वेगळी, अरुंद पट्टीसाठी वेगळी. सारख्या जोरानं दोन्हींना सारखा ताण येत नाही, हे तिनंच समजावलं.

पहिली फळी वरपासून खालपर्यंत एकसारखी निघाली. अप्पांनी ती उभी धरली, एक डोळा मिटून कडेनं पाहिली आणि गुपचूप बाजूला ठेवली.

संध्याकाळी काम संपलं की ते अजूनही स्वतःच ताण सैल करतात, नाहीतर तापलेली पट्टी गार होताना आखडते आणि तिच्यावर नको तेवढी ओढ पडते. मग 'पट्टी सैल आहे' अशी पुठ्ठ्याची पाटी स्विचवर अडकवतात. सकाळी पाटी काढतात, लाल रेघेपर्यंत चाक फिरवतात आणि एक टिचकी मारून मुलाला विचारतात, "कसा वाजतोय रे?"