पेण, रोहें आणि एक कीर्तनमंडळी

पेणचें नांव काढलें कीं प्रथम गणपति आठवतो आणि मग पोहे. भाद्रपदापूर्वीं कांहीं महिने या गांवांत किंवा शेजारच्या हमरापूर, जोहे या खेड्यांत गेलें, तर ओट्यावर, माजघरांत, मांडवाखालीं रंगाची वाट पाहणाऱ्या मूर्तींच्या रांगाच रांगा दिसतात. येथील मूर्ति आतां समुद्रापारच्या मराठी मंडळांपर्यंत जातात, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु या मूर्तिकारांच्याच गांवांत, जेथें मूर्तीस मुळींच स्थान नाहीं असें एक प्रार्थनामंदिर १८६३ सालीं बांधलें गेलें, ही गोष्ट पेणला जाऊन आलेल्यांतहि थोड्यांच्याच ध्यानांत असते. ‘बेथ हाएलोहीम’, म्हणजे देवाचें घर, हें त्याचें नांव. तें बेने इस्राएल लोकांचें. हे लोक आपल्या प्रार्थनामंदिरास पूर्वीं ‘मशीद’च म्हणत, त्यामुळें परगांवच्या माणसाची फसगत व्हावयाची.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलचीं लेंकरें. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं एक गलबत फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या आणि त्यांचा वंश कुलाब्याच्या गांवोगांवीं पसरला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. गलबत केव्हां फुटलें याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासांत मात्र या समाजाच्या रक्तांत पश्चिमेकडील यहुदी व येथील हिंदी असे दोन्ही अंश आढळले. ग्रंथ समुद्रांत बुडाले, भाषा विसरली. राहिलें तें इतकेंच: मुलांची सुंता, शनिवारची विश्रांति, खवले व पर असलेलेच मासे खाणें, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. लग्न असो वा मर्तिक, तीच एक प्रार्थना म्हणावयाची. त्यांनीं तेलाचा घाणा घातला व शनिवारीं तो बंद ठेवला, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. आडनांवें त्यांनीं गांवांवरून घेतलीं: पेणकर, वाक्रूळकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. आपल्या कोंकणस्थांच्या यादींतहि सहज खपावींत अशीं हीं नांवें!

सणांचीं नांवेंहि तशींच घरगुती. प्रायश्चित्ताचा मोठा उपास तो ‘दारफळणीचा सण’. त्या दिवशीं दारें लावून घरांत बसावयाचें. यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला त्या दिवसाचें स्मरण तो ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशींच्या उपासानंतर जेवणांत वालाचें बिरडें. श्रावणाच्या आसपास सोललेल्या वालांचें बिरडें कोणाच्या पानांत नसतें? पण हजारों मैलांवरच्या उद्ध्वस्त मंदिराचा शोक पेणच्या वालांशीं जोडला जावा, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें. नवसाचा ‘मलिदा’ घ्या. पोहे, गूळ, ओला नारळ व वर फळें असें ताट मांडून एलियाहू हानबी या प्रेषिताचें गाणें म्हणावयाचें. पोहे अर्थातच पेणचे.

पेणहून आगगाडीनें कासू व नागोठणें मागें टाकून रोह्यास यावें. कोंकण रेल्वेचा आरंभ येथूनच होतो, म्हणून प्रवाशास हें गांव स्टेशनाच्या नांवानेंच ओळखीचें असतें. खरें गांव कुंडलिकेच्या कांठीं आहे. भिऱ्याच्या वीजघरांतून सुटणारें पाणी या नदीस मिळतें, त्यामुळें ऐन उन्हाळ्यांतहि तिचा प्रवाह आटत नाहीं. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें घराणें रोह्याचें. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्महि येथलाच, १९२० सालचा. त्यांच्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस ओढ होती ती नदीपलीकडच्या अष्टमीची.

अष्टमी म्हणजे रोह्याचें जोडगांव. नगरपालिकेच्या नांवांतहि तीं दोन एकत्रच आहेत. ‘अष्टमकर’ हें बेने इस्राएल आडनांव तेथलेंच. बेंजामिन शिमशोन अष्टमकर व डेव्हिड हाईम दिवेकर या दोघांचीं नांवें १८८० सालीं निघालेल्या एका मंडळीशीं कायमचीं जोडलेलीं आहेत. तिचें नांव ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’. वाचकांनीं नांव पुन्हां एकदां वाचावें, आमच्या लिहिण्यांत चूक झालेली नाहीं. मोशेच्या धर्माच्या लोकांनीं मराठी कीर्तन चालावें म्हणून काढलेली ती मंडळी होती.

तिची गरज कां पडली हें समजून घेण्यासारखें आहे. प्रार्थना हिब्रूंत, ती अर्थासह समजणारे बोटांवर मोजण्याइतके. मुंबईस १७९६ सालीं समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर झालें, कोचीनकडील यहुदी गुरूंनीं विधि शिकविले, वल्हांडणाच्या सणाची पोथी १८४६ सालीं मराठी अर्थासह छापूनहि निघाली. तरी घरांतल्या बायकामुलांस अब्राहाम कोण, योसेफाला भावांनीं कां विकलें, हें रसाळपणें कोण सांगणार? तें सांगण्यास मिशनरी उत्सुक होते. त्यांनीं शाळा काढल्या, हिब्रू शिकविलें, शास्त्र मराठींत आणलें. पण त्यांच्या कथेचा शेवट ख्रिस्तापाशीं होत असे. समाजानें त्यांची विद्या घेतली आणि धर्म तेथेंच ठेवला. हें सोपें नव्हतें. दुसऱ्या बाजूस शेजारीं रात्र रात्र रंगणारी हरिकथा होती, तिचेंहि आकर्षण कांहीं कमी नव्हतें. या दोन ओढींच्या मध्यें उभें राहून त्यांनीं जो मार्ग काढला त्यांत, आमच्या मतें, मोठें शहाणपण होतें. कथा आपल्या पूर्वजांची घेतली, आणि सांगण्याची रीत गांवची.

आपल्याकडे कीर्तन म्हणजे हरिदासाचें, हें समीकरण इतकें पक्कें आहे कीं अब्राहामाचें आख्यान साकी-दिंडींत लागलेलें ऐकून प्रथम कान टवकारतात. पण विचार केला तर त्यांत विसंगत असें कांहींच नाहीं. मूर्तीपुढें वांकणें त्या धर्मांत निषिद्ध आहे. चित्रकार, मूर्तिकार, देवळाचा शिल्पकार यांच्या कला म्हणूनच त्यांच्या पूजेंत शिरूं शकल्या नाहींत. कीर्तनाचें तसें नाहीं. त्याला खडा आवाज लागतो, पाठांतर लागतें, पेटी-तबल्याची साथ आणि समोर बसलेलीं माणसें लागतात. देव शब्दांतच उभा करावयाचा असतो. शेजाऱ्याच्या सर्व कलांपैकीं हीच एक अशी होती, जी धर्माचा एकहि नियम न मोडतां त्यांस संपूर्ण घेतां आली. ‘उसनी घेतली’ असें आम्ही म्हणणार नाहीं. शेंकडों वर्षें ज्या आळींत राहिलें तेथलें गाणें उसनें कसें?

अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें रचलीं गेलीं, छापूनहि निघालीं. पुढें १९१३ सालीं मुंबईस समाजाचें स्त्रीमंडळ निघालें. शाळा, मासिकें, सभा यांचें वारें त्या काळीं सगळीकडेच होतें, त्यांत हा लहानसा समाज मागें राहिला नाहीं. त्याचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर हेहि याच किनाऱ्याचे. १८९७ सालीं त्यांनीं लिहून ठेवलेलें पुस्तक १९३७ सालीं तेल अवीव येथें छापलें गेलें. तोंवर ग्रंथकार वारले होते.

तेल अवीवचें नांव आलें तेव्हां पुढची हकीकत सांगावीच लागेल. १९४८ सालीं इस्राएलचें राज्य झालें. त्या वेळीं सुमारें वीस हजार असलेला हा समाज त्यानंतरच्या दशकांत बहुतांशीं तिकडे गेला. आज भारतांत चार-पांच हजारच उरला आहे. त्यांस येथें कोणी छळलें नव्हतें, ही गोष्ट ते स्वतःच आवर्जून सांगतात. तिकडे मात्र चमत्कारिक प्रसंग आला. यांचे विवाह लावण्यापूर्वीं कुळाची चौकशी करावी, असा दंडक तेथील धर्मपीठानें १९६२ च्या सुमारास घातला. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्यांस ‘तुम्ही खरे यहुदी कशावरून?’ असें विचारलें गेलें! निदर्शनें झालीं, आणि १९६४ सालीं तेथील संसदेनें हे लोक सर्वार्थानें यहुदीच आहेत असा ठराव केल्यावर तो वाद मिटला. येथें शेजारी त्यांस ‘इस्राएल’ म्हणत. तेथें शेजारी त्यांस ‘हिंदी’ म्हणूं लागले.

म्हणून दिमोना, लोद, अश्दोद या गांवांत पुन्हां मंडळें निघालीं. या वेळीं सांभाळावयाची वस्तु हिब्रू नव्हती, ती तर आतां मुलांच्या तोंडीं झाली होती. सांभाळावयाची होती ती मराठी. ‘मायबोली’ नांवाचें मराठी त्रैमासिक तेथें निघूं लागलें व नोहा मस्सिल यांनीं तें वर्षानुवर्षें चालविलें.

इकडे कोंकणांत मोजकींच कुटुंबें उरलीं. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. ती संख्या भरण्यासाठीं आतां सणावारीं मुंबई-ठाण्याहून येणाऱ्या आप्तांची वाट पाहावी लागते. २०१६ सालीं महाराष्ट्र शासनानें या समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. चांगलें झालें, पण दहा माणसें शासन कोठून देणार?

अष्टमींत आम्ही एका वृद्ध गृहस्थांस इस्राएलांच्या घरांविषयीं विचारलें. “होते ना, तेली होते,” ते म्हणाले, “शनवारी घाणा बंद.” कीर्तनाविषयीं विचारतां त्यांनीं मान हालविली. इस्राएल आणि कीर्तन हे दोन शब्द त्यांनीं एकत्र कधीं ऐकले नव्हते.

परततांना पेणला उतरून पोहे घेतले. जाडे कीं पातळ, असें दुकानदारानें विचारलें. मलिद्यास कोणते लागतात तें आम्हांस ठाऊक नव्हतें, म्हणून त्यालाच विचारलें. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आजोबांना माहीत असतं. त्यांचीं गिऱ्हाइकं होतीं तीं.”