बरणीचे झाकण

प्रवासाला निघाल्यावर वाटेत कुठे थांबायचे, यावर आमच्या घरात नेहमी दोन तट पडतात. माझे मत वडखळच्या बटाटेवड्याला असते; सौभाग्यवतींना कुठलेही देऊळ चालते. २०१७ सालच्या मे महिन्यात मुरुडला तिच्या मावशींकडे निघालो, तेव्हा मात्र तिसराच पक्ष उभा राहिला. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली आमची कन्या म्हणाली, "चोंढीजवळ बामणसुऱ्याला दशरथ पटेलांचं संग्रहालय आहे. तिथे थांबायचं."

आता, अलिबागहून मुरुड दक्षिणेला आणि चोंढी उत्तरेला. एरवी जाऊन-येऊन वीसेक किलोमीटरचा हा वळसा मी हाणून पाडला असता. पण तिच्या पिशवीत एका कलाशाळेचा अर्ज होता. तिला सिरॅमिक शिकायचे होते आणि पालकाच्या सहीची जागा अजून कोरी होती. महिनाभर घरात या विषयावर कोणी आवाज चढवला नव्हता. फक्त सगळे जण जरा जास्तच नीट बोलत होते. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने मातीकामाला नावे ठेवावीत हे शोभत नाही, हे मी जाणून होतो. पण बापाची काळजी शोभा पाहून येत नाही.

सिरॅमिकला मराठीत चांगला शब्द नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुंभाराची माती. अथेन्समध्ये केरामैकोस नावाचा भागच होता; म्हणजे त्यांचा कुंभारवाडा. ही माहिती मी गाडीत दिली. कन्येने ती ऐकून घेतली, इतकेच.

पेणला गाडी हळू झाली. कारखान्यांतल्या फळ्यांवर बिनरंगाचे गणपती ओळीने बसले होते. "हे सिरॅमिक नव्हे," आता शिकवणी घ्यायची तिची पाळी होती. "शाडूची मूर्ती नुसती वाळवतात, म्हणून ती पाण्यात विरघळते. भट्टीत पाच-सहाशे अंशांच्या पुढे माती तापली, की तिच्या कणांत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं. मग कितीही भिजवा, तिचा पुन्हा चिखल होत नाही."

"म्हणजे परतीची वाट बंद," मी म्हटले. ती खिडकीबाहेर पाहू लागली. मी मातीविषयी बोलत नव्हतो, हे तिला कळले असावे.

संग्रहालयात आम्हां तिघांवाचून त्या वेळी कोणी नव्हते. दशरथ पटेल १९२७ साली गुजरातेत जन्मले, मद्रासच्या कलाशाळेत शिकले, पुढे पॅरिसला आणि मग सिरॅमिकसाठी प्रागला गेले. १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, तिच्या उभारणीत त्यांनी वीसेक वर्षे घातली. त्यानंतर काशीजवळ सेवापुरीला खेड्यातल्या कारागिरांबरोबर काम केले. अखेरची वर्षे या अलिबागच्या परिसरात गेली. २०१० साली ते वारले. पद्मभूषण किताब त्यानंतर, २०११ साली जाहीर झाला. आपल्याकडे हा क्रम नवा नाही.

चित्रे, छायाचित्रे, कोलाज आणि भाजलेली माती. एका माणसाने किती दारे ठोठावावीत! त्यातल्या एक-दोन वस्तू मला मुळीच आवडल्या नाहीत. भिंतीवर टांगलेल्या थाळीत भात वाढता येत नाही, हे शल्य कोकणातल्या माणसाच्या मनातून जायचे नाही. कन्या मात्र चक्क जमिनीवर बसून एका भांड्याचे बूड न्याहाळत होती.

"अगं, वरची नक्षी बघ ना!"

"नक्षी सगळेच बघतात. झिलई कुठे थांबवली आहे ते बघतेय. ती बुडापर्यंत ओघळली, तर भांडं भट्टीतल्या लादीला चिकटून बसतं."

मी खाली वाकून पाहिले. बुडाशी बोटभर रुंदीची उघडी, खरखरीत माती होती. इतकी वर्षे चहाचे कप हाताळले, पण ही कड माझ्या नजरेला कधी पडली नव्हती.

"या गृहस्थांनी इतकं सगळं का केलं असेल गं?" मी विचारले. "एकाने पोट भरत नव्हतं म्हणून, की एकाने मन भरत नव्हतं म्हणून?"

"दोन्ही असेल," ती म्हणाली. "विचारायला ते आता नाहीत."

या उत्तराने माझी काळजी रतीभरही कमी झाली नाही. पण तिने मला खूश करणारे उत्तर दिले नाही, हे मला बरे वाटले.

रेवदंडा, कोर्लई, काशीद मागे टाकून मुरुडला पोचलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशींच्या माजघरात चिनी मातीच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या. उत्तरेकडे त्यांना मर्तबान म्हणतात. हे नाव ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराचे. तिथून असल्या बरण्या गलबतांवर चढत. म्हणजे माती चीनच्या नावाची, बरणी ब्रह्मदेशच्या नावाची आणि आतली कैरी मावशींच्या परसातली.

जेवताना विषय निघालाच. "मातीकाम?" मावशी म्हणाल्या. "जावईबापू, त्यासाठी कॉलेज कशाला हवं?" मग त्यांनी कोपऱ्यातली एक बरणी पुढे ओढली. तिच्या तोंडावर फडके बांधलेले होते. "हिचं झाकण फुटून अकरा वर्षं झाली. बाजारातलं एकही बसत नाही. पोरी, तुला येईल करता?"

कन्येने दोऱ्याने बरणीच्या तोंडाचे माप घेतले. कागद शोधायला वेळ कुठला? तिने अर्जाच्या पाठीवरच आकडा लिहिला आणि शेजारी दुसरा, मोठा.

"हा कसला?" मी विचारले.

"माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. दहात एक भाग तरी. म्हणून आधी मोठं करायचं."

"अहो, सही करायची असेल तर आत्ताच करा," सौभाग्यवती म्हणाल्या, "नाहीतर त्या कागदाला लोणच्याचं तेल लागेल."

सही केली. झाकण यायला दीड वर्ष लागले. पहिले बरणीत आत पडायचे. ते मावशींनी मिठाच्या वाडग्यावर ठेवले. दुसरे भट्टीत तडकले. तिसरे बसले, पण किंचित डुगडुगते, म्हणून मावशी अजून त्याखाली फडके घालतात.