बल्स्ट्रोडची किल्ली

मुग्धा,

व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतली माणसं एक तर देव नाही तर राक्षस, हे तुझं म्हणणं डिकन्सच्या काही पानांपुरतं कबूल. पण मग जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मधल्या (१८७१-७२) बल्स्ट्रोडला कुठे बसवशील?

गावातला हा बँकवाला मोठा धर्मनिष्ठ. तरुणपणी मात्र चोरीचा माल पचवणाऱ्या पेढीत वाढलेला. मालकाच्या विधवेशी लग्न केलं, आणि तिच्या दुरावलेल्या मुलीचा पत्ता लागल्यावर तो दडवून ठेवला. हे सगळं जाणणारा रॅफल्स त्याला पैशांसाठी पिळत राहतो आणि शेवटी दारूपायी त्याच्याच घरात अंथरुणाला खिळतो. डॉक्टर लिडगेट बजावतो : दारूचा थेंब नको, अफू बेतानं, आणि अमुक टप्प्यावर बंद. एक रात्र बल्स्ट्रोड स्वतः उशाशी बसतो. पुढच्या रात्री काम मोलकरणीवर सोपवतो. अफू कधी थांबवायची ते सांगायचं राहतं. आठवतं, जिना चढून वर जातोही, आणि रोग्याकडे न वळता आपल्या खोलीत शिरतो. मग ती ब्रँडी मागायला येते, तेव्हा कपाटाची किल्ली देतो. सकाळी रॅफल्स मरतो.

खून म्हणशील? त्या काळी अशा रोग्याला ब्रँडी देणारे डॉक्टरच जास्त. लिडगेटचीच रीत नवी. कायद्याच्या हाती काही लागत नाही. आणि बल्स्ट्रोड ढोंगी म्हणावा, तर त्याची प्रार्थना खरी आहे. त्याला जे हवं, तेच देवालाही हवं, असं तो स्वतःला पटवत आलाय, इतकंच. (असले लोक आपल्याही नात्यात आहेत, नावं लिहीत नाही.)

एलियट बाई १८४२ मध्ये वडिलांशी भांडून चर्चला जायच्या थांबल्या होत्या. धर्म सुटला, पण माणसाच्या मनातला जमाखर्च तपासायची सवय वाढलीच.

मला मात्र बल्स्ट्रोडपेक्षा त्याची दुसरी बायको हॅरिएट जास्त आठवते. गावभर बोभाटा होतो, सगळ्यात शेवटी तिला कळतं. ती खोलीत कोंडून घेते, दागिने उतरवते, साधा काळा झगा घालते आणि खाली नवऱ्याजवळ जाते. दोघं रडतात. खरं काय, हे ती विचारत नाही. तोही सांगत नाही. त्या काळची सोशिक बायको म्हणून तू हसशील. पण दागिने उतरवताना ती त्याची अब्रू वाचवायला निघालेली नाही, त्याच्या बेअब्रूत वाटा घ्यायला निघाली आहे.

७०वं आणि ७४वं प्रकरण लागोपाठ वाच, मग भांडू.

तुझी मावशी